नवे माग घेण्याआधी जुन्या मागांचे तास मोजा

इचलकरंजीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची संमती घेऊन त्यातला गाभा इथे देतो.

‘मी २७ वर्षांची आहे. टेक्स्टाइलचं शिक्षण घेतलं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता घरच्या कारखान्यात परत आले आहे. आमच्याकडे २४ रॅपियर (दांडीने आडवा धागा नेणारे, बिनधोट्याचे) माग आहेत. अण्णा आणि काका मिळून पाहतात. धाकटा भाऊ बंगळुरूला आयटीत आहे, तो येणार नाही. अण्णांनी आता कर्ज काढून आठ एअरजेट (हवेच्या झोताने धागा नेणारे, जास्त वेगवान) माग घ्यायचं ठरवलं आहे. जागेचं बोलणं झालंय, कोटेशन आली आहेत. अण्णा म्हणतात आपले माग ऐंशी टक्के चालतात, आता वाढ हवी असेल तर नवीन मशीनच हवी. मी सात दिवस दोन्ही पाळ्यांमध्ये उभी राहून मोजलं, सरासरी चौसष्ट टक्के आली. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “तो आठवडाच खराब होता.” काका म्हणाले, “दोन वर्षांत लग्न होऊन जाशील, कशाला त्रास करून घेतेस.” मागच्या महिन्यात अण्णा दोन दिवस लग्नाला गेले होते, तेव्हा साडेतीनशे रुपयांच्या एका पार्टसाठी एक माग दीड दिवस बंद होता, कारण पैसे द्यायला कुणाला परवानगी नव्हती. आमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) बावीस वर्षांचा जुना आहे, त्याला वह्या भरणं आवडत नाही. नुकतीच एका परिसंवादाला गेले होते. वक्ते म्हणाले, देशाची उत्पादकता वाढवायची तर नवकल्पना आणि व्यवस्थापन हवं. ऐकायला छान वाटलं, पण आमच्या शेडचा आणि देशाचा काय संबंध? व्यवस्थापनाने खरंच फरक पडतो, की पुस्तकातल्या गोष्टी आहेत? आणि हे मी घरात सांगू कसं?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सात दिवस, दोन्ही पाळ्या, मागापाशी उभ्या राहिलात. पत्रातल्या सगळ्या मजकुरात मला सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटली. मी विणाईच्या खात्यात आयुष्य काढलं. सलग सात रात्री शेडमध्ये उभं राहून मोजणारे मालक मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच भेटले. तेव्हा आधी तुमच्या त्या चौसष्टपासूनच सुरुवात करू.

तुमचा रॅपियर मिनिटाला साडेतीनशे पिकाने, म्हणजे बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) साडेतीनशे फेऱ्यांनी, चालतो असं धरू आणि कापड इंचाला पन्नास पिकाचं. बारा तासांच्या पाळीत माग एकदाही थांबला नाही तर २,५२,००० पिक पडतील, म्हणजे ५,०४० इंच, म्हणजे १२८ मीटर. चौसष्ट टक्क्यांना ते होतात ८२ मीटर. अण्णा म्हणतात ते ऐंशी टक्के खरे असते तर १०२ मीटर झाले असते. एका मागामागे एका पाळीत वीस मीटरचा फरक. चोवीस माग, दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला साधारण ९८० मीटर कापड. आता हाच हिशेब उलटा करा. चौसष्ट टक्क्यांवर चालणारे चोवीस माग ऐंशीवर आणले, तर चौसष्टवर चालणारे आणखी सहा माग शेडमध्ये उभे केल्याइतकं उत्पादन मिळतं. त्यांना जागा नको, कर्ज नको, वेगळा कामगार नको.

हा हिशेब अण्णांसमोर तोंडी मांडू नका. तुमच्या पिकाचे आणि क्वालिटीचे खरे आकडे घालून एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस मुलीच्या तोंडून ‘तुमचं चुकतंय’ ऐकायला तयार नसतो, पण ‘सहा माग’ हे दोन शब्द तो रात्री झोपताना विसरणार नाही.

व्यवस्थापनाने खरंच फरक पडतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. याचं उत्तर देण्यासाठी फार लांब जायला नको. २००८च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक यांच्याशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी, त्यांत निकोलस ब्लूम आणि अप्रजित महाजन होते, मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत एक प्रयोग केला. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. सगळे घरच्या मालकीचे. औषधाची चाचणी घेतात तशी विभागणी केली. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले, त्यात पहिला महिना तपासणीचा आणि पुढचे चार महिने प्रत्यक्ष राबवण्याचे. तुलनेसाठी ठेवलेल्या कारखान्यांना फक्त तपासणीचा एक महिना मिळाला. सल्लागारांनी आणलेल्या ३८ पद्धती अगदी साध्या होत्या. रोज दोषांची नोंद आणि त्यावर बैठक. मशीनची ठरावीक वेळी देखभाल. सुताचा साठा रंग, काउंट आणि लॉटप्रमाणे लावणं. शेडमधली वाट मोकळी ठेवणं. चांगल्या कामाला बक्षीस. हे वाचून तुमचा जॉबरसुद्धा म्हणेल, यात नवीन काय?

नवीन हेच की सुरुवातीला यातल्या जेमतेम चौथा हिस्सा पद्धती तिथे वापरात होत्या. सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, साठा कमी झाला, आणि तीन वर्षांत त्या कंपन्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने काढले. शेवटची गोष्ट अण्णांना मुद्दाम सांगा. पद्धत आणणं म्हणजे वाढ पुढे ढकलणं, असं त्यांना वाटत असेल. तिथे उलटं झालं, ज्यांच्याकडे पद्धत आली तेच वाढले.

मग आधीच का नव्हतं केलं? संशोधकांनीही मालकांना हेच विचारलं. आळस किंवा पैशाची अडचण ही कारणं फार कमी होती. काही पद्धती मालकांनी ऐकल्याच नव्हत्या. बऱ्याच ऐकल्या होत्या, पण आपल्याला त्यांची गरज नाही अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. आमचा माल चांगलाच आहे, मग दोष मोजायचे कशाला? तुमचे अण्णा ऐंशी म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते सकाळी दहाला शेडमध्ये येतात, त्यांना पाहून सगळे सावध होतात, आणि त्या अर्ध्या तासात शेड खरंच ऐंशीवर चालत असते. त्यांनी पाहिलेलं खरं आहे, फक्त त्यांनी दिवसातला तेवढाच तुकडा पाहिला आहे. रात्री तीनला तुम्ही होतात, ते नव्हते. हे त्यांना अशा भाषेत सांगितलंत तर ते ऐकतील असं मला वाटतं.

आता एअरजेटकडे येतो, कारण कर्जाची सही झाली की मागे फिरता येत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी ज्या गिरणीत होतो तिथे बारा नवे वेगवान माग आले. हार घातले, पेढे वाटले. पण सूत तेच, सायझिंग (धाग्याला खळ लावणं) तेच, शेडमधली दमट हवा जशी राहायची तशीच. जुन्या मागावर संथ चालताना जो कमकुवत धागा कसाबसा निभावून जायचा, तो नव्या वेगाला पटापट तुटायला लागला. वर्षभर ते माग जुन्यांपेक्षा कमी टक्क्यांवर चालले. आम्ही तरुण मंडळी मशीनला दोष देत राहिलो, कंपनीच्या मेकॅनिकला बोलावत राहिलो. चूक आमच्या तयारीत होती आणि ती कुणी मोजलीच नव्हती. ती गोष्ट आजही मनाला लागते, कारण त्या वर्षात आमच्या हातून गेलेला पैसा बऱ्याच लोकांच्या पगाराएवढा होता.

एअरजेट तर त्याहून हट्टी. वेग दुपटीच्या घरात, म्हणून प्रत्येक थांबा दुप्पट महाग. हवेच्या झोतावर बाणा जातो, त्यामुळे कॉम्प्रेसर सतत चालणार आणि विजेचं बिल माग थांबला तरी बऱ्यापैकी येतच राहणार. ताण्याची (उभ्या धाग्यांची) तयारी, खळ, शेडमधली आर्द्रता, सुताचा दर्जा, हे चारही नीट नसतील तर आठ एअरजेट तुमचे आजचे चौसष्ट टक्के आणखी खाली नेतील आणि हप्ता मात्र पूर्ण जाईल. मी नवीन मशीनच्या विरोधात नाही. रॅपियरच्या सगळ्या सुधारणा करूनही एअरजेटचा वेग त्यांना कधीच येणार नाही, हे मान्यच आहे. माझं म्हणणं क्रमाविषयी आहे. सहा महिने आहेत त्या मागांवर पद्धत बसवा. त्यातून तुम्हाला कळेल की थांब्यांपैकी किती ताण्यामुळे, किती बाण्यामुळे, किती बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) नाही म्हणून. मग आठऐवजी चार एअरजेट घ्या आणि ते पंच्याऐंशीच्या वर चालवून दाखवा. बँकेला जे हवं असतं तेही हेच, भरवशाचे आकडे.

आपल्या वस्त्रोद्योगात या क्रमाची गल्लत फार जुनी आहे. १९९९ला केंद्र सरकारने तंत्रज्ञान सुधार निधी योजना, ज्याला सगळे टफ म्हणतात, ती सुरू केली. मशीन घेण्यासाठी व्याजाची सवलत, अनुदान. त्यातून यंत्रं आली, आणि यायला हवीच होती. पण वही ठेवायला, जॉबरला शिकवायला, बीमचं वेळापत्रक लावायला तितक्या जोमाने कुणी मदत केली नाही. यंत्राचा फोटो काढता येतो, कोनशिला बसवता येते. रात्री तीनला कुणी वहीत खूण केली त्याचा फोटो कोण काढणार?

नवकल्पना हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरून येणारं यंत्र येतं. तुमच्या गावाचा इतिहास तसाच सुरू झाला हेही खरं. १९०४मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि त्या एका मागावरून गावाचं नशीब बदललं. पण मागावरूनच सुरू झालेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या शेडला जास्त जवळची आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा एका सुताराचा मुलगा होता. आईला हातमागावर राबताना पाहून त्याने माग सुधारायला घेतला. १९२४मध्ये त्याचा स्वयंचलित माग तयार झाला. ताण्याचा धागा तुटला की तो स्वतःहून थांबायचा आणि माग चालू असतानाच धोटा बदलला जायचा. त्यामुळे एकाच कामगाराला तीसेक माग पाहता येऊ लागले, कारण आता तो नुसता पहारा देत नव्हता, थांबलेल्या मागाकडेच जात होता. १९२९मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले आणि साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, मोटार बनवायच्या कामाला हात घातला. तीच टोयोटा. तिची कारखाना चालवण्याची पद्धत जगभर शिकवली जाते. ती पद्धत घडवणारे ताइइची ओनो हेही आधी टोयोडांच्या कापड कारखान्यातच होते.

दोष दिसला की थांब, कारण शोध, मग चालू कर. मोटारींच्या कारखान्यांनी हे मागाकडून घेतलं. तुमच्या रॅपियरवर ताणा तुटून ड्रॉपर (धाग्यावर लटकणारी पत्ती) पडला की माग थांबतो, लाल दिवा लागतो. यंत्र त्याचं काम चोख करतं. पुढचं काम माणसांचं, आणि ते आपण करत नाही. धागा जोडला, बटण दाबलं, माग चालू. का तुटला, हे कुणी विचारत नाही.

ओनो एका अडचणीवर पाच वेळा ‘का’ विचारायला सांगत. तुमच्याच शेडमधलं उदाहरण घेऊ. चौदा नंबरवर ताणा सारखा तुटतोय. का? धागा फणीत घासून केसाळ होतोय. का? खळ नीट बसलेली नाही. का? सायझिंगला बीम घाईत काढलं. का? आपण आज सांगून उद्या बीम मागितलं. का? कुठल्या मागावरचं बीम कधी संपणार, याची आपल्याकडे कुठेच नोंद नाही. बघा, सुरुवात मागावर झाली आणि शेवट दिवाणजींच्या टेबलावर झाला. असे दोष जॉबरच्या पान्याने कधीच सुटत नाहीत, आणि बिचारा जॉबर मात्र रोज त्यावरून बोलणी खात असतो.

म्हणून प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. अडतीस पद्धती एकदम आणू नका. प्रत्येक मागावर एक जाड कार्ड टांगा. त्यावर सहा खाने, ताणा, बाणा, बीम, मेकॅनिकल, वीज आणि माणूस-माल. माग थांबला की कामगाराने त्या खान्यात फक्त एक रेघ ओढायची. थांबा पंधरा मिनिटांपेक्षा मोठा असेल तर जॉबरने वेळ लिहायची. तुमच्याकडे बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर खाने हिंदीत लिहा, शेजारी चित्र काढा. संगणक, मोबाइल अॅप यांची घाई नको. रेघ ओढायची सवय लागू द्या.

मग पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं शेडमध्ये असतात तेव्हा, दहा मिनिटं उभ्याउभ्या बोला. कालचे सर्वांत जास्त रेघा असलेले तीन माग घ्यायचे, बस. त्या तीन मागांचं काय करायचं आणि कोण करणार. खुर्च्या मांडल्या की बैठक लांबते.

पहिल्या महिन्यातच तुम्हाला बहुधा दिसेल की मोठे थांबे बीम बदलण्यात आहेत. इथे कमाई पटकन होते. बीम उतरल्यावर नवीन बीम कुठे आहे ते शोधणं, नव्या बीमचे धागे भरणाऱ्या वहिफणीवाल्याला फोन करणं, ट्रॉली आणणं, पाना शोधणं, ही सगळी कामं माग चालू असतानाच उरकता येतात. माग बंद ठेवूनच करावी लागतात अशी कामं फार थोडी असतात. एकदा स्वतः घड्याळ लावून बीम बदली पाहा आणि दोन रकान्यांत लिहा, माग बंद असताना केलेलं आणि आधीच करता आलं असतं ते. दुसरा रकाना पाहून तुमच्या जॉबरलाच आश्चर्य वाटेल.

सुताचं थोडक्यात. लॉट मिसळू देऊ नका, आधी आलेलं आधी वापरा, बाचक्यावर तारीख टाका. कापडावरचे निम्मे पट्टे गोदामात तयार होतात असं माझे वरिष्ठ म्हणायचे. मला ते अनुभवाने पटलं.

जॉबरविषयी तुम्ही जरा नाराजीने लिहिलंय. बावीस वर्षांचा जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो की सात नंबरचा माग अर्ध्या तासात थांबणार. ते ज्ञान वहीत नाही म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. पण उद्या त्यांचा गुडघा दुखला आणि ते महिनाभर घरी बसले, तर ते ज्ञानही घरी बसेल. कार्ड छापण्याआधी त्यांच्याकडे जा. सहा खाने बरोबर आहेत का, त्यांना विचारा. ते एखादा खाना बदलायला सांगतील, बदला. त्यांच्याबरोबर एक शिकाऊ मुलगा द्या. लिहायचं काम त्या मुलाकडे, सांगायचं काम जॉबरमामांकडे. लिहिणं आवडत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच माणसांना मुळात लिहायला अवघड जात असतं आणि ते सांगायला लाज वाटते. हे लक्षात ठेवून वागा.

कामगारांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्द द्या की या कार्डावरून कुणाचा पगार कापला जाणार नाही, कुणावर ओरडलं जाणार नाही. आणि तो शब्द पाळा. मीटरवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला मोजणी म्हटलं की आधी कात्री दिसते. एकदा जरी कार्ड दाखवून कुणाला बोललात, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कार्डांवर खोट्या रेघा येतील आणि तुमचं सगळं काम बुडेल. उलट टक्के वाढले की मीटर वाढतात आणि त्यांचीही मजुरी वाढते, हे पगाराच्या दिवशी आकड्यांत दाखवा. अजून एक गोष्ट मोजा, कुणी मोजत नाही म्हणून सांगतो. बारा तासांच्या पाळीत शेवटच्या दोन तासांच्या रेघा वेगळ्या ठेवा. दमलेला माणूस लाल दिव्यापर्यंत पोचायला वेळ लावतो. माणसाला पिळून उत्पादकता वाढते असं ज्यांना वाटतं त्यांनी पहाटेच्या पाळीतले थांबे एकदा पाहावेत. तुम्ही पाहिले आहेत, म्हणून तुमच्याशी हे बोलतो.

आता काकांचं वाक्य. ते वाचून मला राग आला, तो लपवत नाही. तारापूर-उंबरगावच्या त्या प्रयोगात संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली होती. कंपनी किती मोठी होईल हे ठरत होतं घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून, भाऊ किती, मुलगे किती. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास टाकायचा नाही, तो चोरी करेल ही भीती. म्हणून घरातली माणसं संपली की वाढ संपली. चांगला चालणारा कारखाना तिथेच थांबतो आणि वाईट चालणाराही त्याच्या शेजारी तग धरून राहतो. चँग-ताइ शिए आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी २००९मध्ये हिशेब मांडला होता की भारतात भांडवल आणि कामगार अमेरिकेइतक्या प्रमाणात चांगल्या कारखान्यांकडे वळले, तर कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल. देशाचा आणि तुमच्या शेडचा संबंध काय, या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. आपल्याकडच्या सर्वोत्तम कंपन्या जगात कुणाहून कमी नाहीत. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने १९९८मध्येच जपानचं, दर्जासाठी दिलं जाणारं डेमिंग पारितोषिक मिळवलं होतं. मात्र त्यांच्या मागे फार लांब शेपूट आहे, पद्धत नसलेल्या लाखो छोट्या कारखान्यांचं, आणि देशाची सरासरी त्या शेपटात ठरते. जपानने १९५०मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंगना बोलावून कारखानदारांना आकडेवारीने दर्जा राखायला शिकवलं. आपली राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ची आहे. कागदावर आपण फार उशीर केलेला नाही. पण तिथे ही शिकवण मागापाशी उभ्या माणसापर्यंत गेली, १९६२पासून कामगारांची गुणवत्ता मंडळं कारखान्याकारखान्यांत सुरू झाली. आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी परिसंवादाच्या सभागृहातच राहिली.

तुमच्या घरात भाऊ बंगळुरूला, म्हणून काकांच्या हिशेबात पुढची पिढी शून्य. टेक्स्टाइल शिकलेली, सात रात्री जागून मोजणारी मुलगी त्या हिशेबात धरलेलीच नाही. त्या साडेतीनशे रुपयांच्या पार्टसाठी दीड दिवस बंद पडलेला माग आणि काकांचं ते वाक्य, दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. निर्णय कुणाच्या हाती द्यायला कुणी तयार नाही.

इथे मोघम बोलू नका, नेमकं मागा. पहिली मागणी, पाच हजार रुपयांपर्यंतची सुट्या भागांची खरेदी दिवाणजी आणि जॉबर मिळून करतील, अण्णांना हिशेब आठवड्याला. त्यासोबत नेहमी लागणाऱ्या भागांची यादी आणि प्रत्येकाचा किमान साठा. दुसरी मागणी स्वतःसाठी, उत्पादनाची जबाबदारी सहा महिने तुमची, पगार ठरलेला, पद सगळ्यांसमोर सांगितलेलं. सहा महिन्यांनी टक्के पंचाहत्तरच्या वर गेले, तर भागीदारीच्या करारात तुमचं नाव घालण्याविषयी बोलायचं. हे सगळं अण्णांशी एकट्याने बोला, काकांसमोर नाही. दोन भावांच्या मध्ये तुमचा प्रश्न अडकला तर तो तुमचा राहणार नाही. आणि आई या घरात कुठे आहे, तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या पाहण्यात अशा कितीतरी घरांत आईने शब्द टाकल्यावर गाडी हलली आहे.

लग्नाचं म्हणाल, तर दोन वर्षांत झालं आणि तुम्ही दुसऱ्या गावी गेलात असं गृहीत धरू. तरी कार्डं, दहा मिनिटांची बैठक, खरेदीची मुभा, हे मागे राहील. एका माणसावर अवलंबून नसणं, याच कारणासाठी तर पद्धत लावायची असते. आणि ती टिकवणं हे लावण्याहून अवघड. तारापूर-उंबरगावच्या त्याच कारखान्यांत संशोधक सुमारे नऊ वर्षांनी परत गेले तेव्हा आणलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला, मालकाचं लक्ष दुसरीकडे गेलं, अशी कारणं होती. तरीही ते कारखाने इतरांच्या पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोचल्या होत्या. म्हणून मी तुम्हाला एवढंच सांगतोय, एक कार्ड, दहा मिनिटं, एक यादी. थोडकं असेल तर तुम्ही शेडमध्ये नसतानाही चालेल.

एअरजेटच्या कोटेशनची मुदत किती आहे, ते आजच पाहा. मुदत वाढवून मिळते, फक्त मागावी लागते. पहिल्या महिन्याची कार्डं भरली की ताण्याच्या रेघा सायझिंगवाल्याप्रमाणे वेगळ्या करा. तुम्ही दोन ठिकाणांहून बीम घेत असाल तर दोघांचे आकडे शेजारीशेजारी लिहून मला पाठवा. त्यात काय निघेल याचा मला थोडा अंदाज आहे, पण तो तुमच्या आकड्यांआधी सांगणार नाही.